एदोगावा-कू : भरतीच्या रेषेखालचा वॉर्ड

पाणलोट

टोकियोला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी माणसाला पहिला सल्ला ठरलेला: "निशी-कासाईला बघ जागा." किराणा मिळतो, शाळा आहे, गणपती बसतो, तोझाई लाईनने पंधरा मिनिटांत ओतेमाची, म्हणजे शहराच्या मध्यावरची कचेऱ्यांची पेठ. सगळं खरं. पण निशी-कासाई ज्या वॉर्डात येतं त्या एदोगावाबद्दल आपल्यात कुणी फारसं बोलत नाही. टोकियोच्या तेवीस वॉर्डांत सगळ्यात भन्नाट इतिहास शिबुया-शिंजुकूचा नाही, ह्या गाळाच्या पट्ट्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी जागा समजून घेऊ. एदोगावा म्हणजे टोकियोचं पूर्वेकडचं टोक. पूर्वेला एदो नदी आणि तिचा जुना फाटा, पलीकडे चिबा प्रांत. दक्षिणेला टोकियोचा उपसागर. पश्चिमेला आराकावा नदी, तिला खेटून नाकागावा, आणि वॉर्डाच्या मधोमध उभी शिन-नाकागावा. क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर, वस्ती सात लाखांच्या घरात. टेकडी सोडा, साधा चढ नाही; सायकलवाल्यांची चंगळ. चढ लागतो तो फक्त पूल आणि बांध ओलांडताना. ह्याचं कारण वॉर्डातली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. बांध नसते तर दिवसातून दोनदा समुद्र घरात आला असता.

नकाशा नीट पाहिलात तर एक गोष्ट खटकेल. हिराई आणि कोमात्सुगावा हे दोन भाग आराकावाच्या पलीकडे, पश्चिम काठावर आहेत. एवढी रुंद नदी सोडून वॉर्डाची हद्द पलीकडे कशी गेली? तर गाव आधीचं आहे, नदी नंतरची.

१९१० च्या ऑगस्टमध्ये टोकियोला प्रचंड पूर आला. तेव्हा आराकावाचं पाणी आजच्या सुमिदा नदीतून शहराच्या मधून वाहायचं. सरकारने ठरवलं की नदीला शहराबाहेरून नवी वाट काढून द्यायची. उत्तरेला इवाबुचीपासून समुद्रापर्यंत २२ किलोमीटर लांब, सुमारे ५०० मीटर रुंद पात्र माणसांनी आणि यंत्रांनी खोदलं. १९११ ला जमिनी घ्यायला सुरुवात, १९२४ ला पाणी सोडलं, १९३० ला काम पुरं. १,३०० च्या आसपास घरं उठवली. शेतं, देवळं, रस्ते, जे वाटेत आलं ते गेलं. कोमात्सुगावा गावाचे दोन तुकडे झाले आणि मधे अर्धा किलोमीटर पाणी आलं. आज काठावर बेसबॉल खेळणाऱ्या पोरांना कुणी सांगितलं की ही नदी खणलेली आहे, तर हसतील.

ह्या कामावरचा मुख्य अभियंता आओयामा आकिरा. पनामा कालव्याच्या बांधकामावर काम केलेला हा एकमेव जपानी अभियंता. १९०४ ते १९११ तिकडे होता. परत येऊन त्याने इवाबुचीचं पाणदार, म्हणजे नदीचं पाणी अडवायचं-सोडायचं दार, बांधलं. तिथे स्मारकाचा एक दगड आहे. त्यावर आओयामाचं नाव नाही, मंत्र्याचं नाही, कुणाचंच नाही. ह्या कामात कष्ट आणि प्राण वेचलेल्या आमच्या सोबत्यांच्या आठवणीसाठी, एवढाच मजकूर, आणि खाली "काम करणाऱ्यांकडून". आपल्याकडे गटाराच्या झाकणाच्या उद्घाटनालाही पाटी लागते, त्यामुळे मी त्या दगडापाशी जरा जास्त वेळ थांबलो.

वॉर्ड म्हणून एदोगावा जन्मला १ ऑक्टोबर १९३२ ला. टोकियो शहराने आजूबाजूची गावं पोटात घेतली, तेव्हा कोमात्सुगावा, कोइवा, मात्सुए ही तीन नगरं आणि कासाई, मिझुए, शिनोझाकी, शिकामोतो ही चार खेडी एकत्र केली. भातशेती, भाजीपाला, कमळाची तळी आणि दक्षिणेला कोळी. कासाईच्या उथळ समुद्रात बांबू रोवून नोरी पिकवायचे, म्हणजे सुशीवर गुंडाळतात ते शेवाळ. ओहोटीला शिंपल्या वेचायचे.

आता दुसरा अंक. ही जमीन मुळात इतकी खाली नव्हती, ती माणसांनी खाली नेली. कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी उपसलं. त्यात दक्षिण कांतोच्या, म्हणजे टोकियोभोवतालच्या प्रदेशाच्या, भूगर्भात पाण्यात विरघळलेला नैसर्गिक वायू आहे. तो काढायचा तर पाण्यासकटच उपसावा लागतो. साठच्या दशकाच्या शेवटी कासाई परिसरात जमीन वर्षाला वीस सेंटिमीटरहून जास्त वेगाने खचत होती. १९७२ मध्ये टोकियो महानगराने वायू काढण्याचे हक्कच विकत घेतले आणि उपसा बंद पाडला. खचणं थांबलं. पण खचलेली जमीन काही वर येत नाही.

किनाऱ्याजवळची काही खासगी जमीन तर सरळ समुद्रात गेली होती. कागदावर सातबारा शाबूत आणि जागेवर लाटा! १९६२ ला कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले होते. त्या उथळ पाण्यात चोरून राडारोडा टाकणं सुरू झालं. मग १९७२ पासून सुमारे ३८० हेक्टरांवर भराव घालून जमीनमालकांना नव्याने भूखंड वाटून देण्याची योजना आली. आज जिथे सेइशिन-चो आणि रिंकाई-चोच्या इमारती उभ्या आहेत, जिथे आपले लोक स्ट्रोलर घेऊन फिरतात, तो हाच बुडालेला पट्टा. ट्रेन आधीच पोचली होती: तोझाई लाईन १९६९ ला पूर्वेकडे वाढवली आणि कासाई स्टेशन झालं, निशी-कासाई १९७९ चं. नवी जमीन, नवे रुंद रस्ते, नवी घरं, शहराच्या मानाने कमी भाडं. आपली वस्ती इथेच का झाली ह्याचं निम्मं उत्तर ह्या खचण्यात आणि भरावात आहे.

मीठ, सोनमासे, २०१९ चं वादळ असं बरंच राहिलंय. प्रतिसादांत येईलच. टोकियोकरांनी भर घालावी.

चहाबाज

जबरी! वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: वॉर्ड म्हणजे मुंबईच्या के-पश्चिमसारखा का? तिथे साहाय्यक आयुक्त बसतो तसा?

पाणलोट

@चहाबाज, नाही. टोकियोचे तेवीस वॉर्ड हे "विशेष वॉर्ड". प्रत्येकाला स्वतःचा निवडून आलेला महापौर आणि स्वतःची सभा. एदोगावाच्या सभेत ४४ जागा. शाळा, बागा, कचरा, रहिवासी नोंदणी वॉर्डाकडे. पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि अग्निशमन मात्र महानगराकडे, आणि काही मोठे करही महानगर गोळा करून मग वाटून देतं. ह्यावरून दोघांत कायम कुरबूर. महापौर थेट निवडण्याचा हक्क मधे काढून घेतला होता, तो १९७५ ला परत मिळाला. म्हणजे आपल्या हिशेबात वॉर्ड कमी, महापालिका जास्त.

कृष्णाकाठ_सांगली

पाणलोटराव, लेख एका दमात वाचला. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही आयर्विन पुलावर सत्तावन्न फूट पाणी बघितलंय, त्यामुळं भरतीखालची ७० टक्के जमीन वाचून पोटात गोळाच आला की हो. सात लाख लोकं राहत्यात, मग पूर आला तर जायचं कुठं? वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं का?

पाणलोट

काका, हाच प्रश्न वॉर्डानेही स्वतःला विचारला आणि उत्तर छापून घरोघर वाटलं. मे २०१९ चा पुराचा नकाशा. मुखपृष्ठावर वॉर्डाचा नकाशा, त्यातून बाहेर जाणारे बाण, आणि वॉर्डाच्या अंगावरच लिहिलेलं: "इथे थांबायचं नाही". एका सरकारी कचेरीने आपल्याच नागरिकांना सांगितलं की आमच्या हद्दीत राहू नका! जपानभर त्यावर चर्चा झाली, थोडी टवाळीही झाली.

पण मागचं गणित पक्कं आहे. आराकावा आणि एदो नदी एकदम फुटल्या किंवा मोठं वादळी उधाण आलं, तर एदोगावासकट पूर्वेचे पाच वॉर्ड जवळजवळ सगळे पाण्याखाली जातात. अडीच लाख नव्हे, अडीच दशलक्ष माणसं. आणि जमीन बशीसारखी, त्यामुळे पाणी आपोआप ओसरत नाही; पंपांनी उपसावं लागतं. काही भागांत दोन आठवडे किंवा त्याहून जास्त. वरच्या मजल्यावर जीव वाचेल, पण वीज, पाणी, संडास नसताना पंधरा दिवस काढायचे कसे? म्हणून वादळ येण्याआधी दोन-तीन दिवस वॉर्ड सोडा, नातेवाइकांकडे जा, असा सल्ला.

तोझाई_लोकल

त्या नकाशाची परीक्षा पाच महिन्यांत झाली. १२ ऑक्टोबर २०१९, हागिबिस वादळ. तेव्हा आम्ही निशी-कासाईत दुसऱ्या मजल्यावर राहायचो, मुलगी दीड वर्षाची.

सकाळीच फोन कोकलला. वॉर्डाच्या सुमारे ४ लाख ३० हजार लोकांना घर सोडण्याची सूचना. आता गंमत बघा. नकाशा सांगतो वॉर्डाबाहेर जा, पण तोवर रेल्वे बंद होण्याच्या बेतात. म्हणजे जायचं तर जवळच्या शाळेत. आम्ही शाळेत गेलो. तळमजला रिकामा ठेवला होता, सगळ्यांना तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे वर्ग. जपानी आज्या, भारतीय कुटुंबं, एक चिनी जोडपं, सगळे निळ्या ताडपत्रीवर. फळ्यावर आदल्या दिवशीचा भागाकार तसाच. शिक्षक दर तासाला येऊन इवाबुचीची पातळी खडूने लिहून जायचे, आणि बायका-पुरुष क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे त्या आकड्याकडे बघायचे. शेवटी ७.१७ मीटरपर्यंत गेली. बांध टिकला, शिल्लकही बऱ्यापैकी होती. पण इवाबुचीचं निळं पाणदार बंद करावं लागलं होतं, म्हणजे सुमिदाकडे जाणारं पाणी अडवून सगळा लोंढा आमच्या बाजूने काढला. शंभर वर्षांपूर्वी ज्यासाठी ही नदी खणली तेच ते काम.

त्या रात्री वॉर्डात सुमारे ३५ हजार लोक निवाऱ्यांत होते असं नंतर वाचलं. दुसऱ्या दिवशी निळं आभाळ आणि लख्ख ऊन. आम्ही जागा मात्र बदलली. वॉर्ड तोच, मजला नववा.

नातवंडांची_आजी

मी लेकीकडे दरवर्षी तीन महिने असते, कोइवाच्या बाजूला. पुराचं वाचून धसका घेतला, पण मला तर हा भाग आवडतो बाई. तुम्ही सगळे पाणी-पाणी करताय, भाजीबद्दल कुणी लिहीना, म्हणून मी लिहिते.

इथली कोमात्सुना नावाची पालेभाजी आता जपानभर मिळते, ती मूळची ह्याच वॉर्डातली. कोमात्सुगावावरून नाव. सांगतात की आठवे शोगुन, म्हणजे तेव्हाचे लष्करी राज्यकर्ते, तोकुगावा योशिमुने ससाणे घेऊन शिकार करायला ह्या बाजूला आले, देवळात जेवायला थांबले, तिथे रश्श्यातली ही भाजी त्यांना आवडली आणि त्यांनीच नाव ठेवलं. शिशिबोने भागात अजून शेतं आहेत, चारी बाजूंनी घरं आणि मधेच हरितगृह. रस्त्याकडेला लाकडी फळी, त्यावर जुड्या बांधून ठेवलेल्या आणि शेजारी पैशांचा डबा. विकणारा कुणी नाही! शंभर येन टाकायचे, जुडी उचलायची. डब्याला साधं कुलूप आहे, पण भाजीला राखण नाही.

करायची कशी? मोहरीच्या कुळातली आहे, थोडी करकरीत. देठ आधी टाकायचे, पानं शेवटी. लसूण, सुकी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं असलं तर. झाकण ठेवायचं नाही, रंग जातो. जावई जपानी, तो ती उकडून सोया सॉस घालून खातो. आमच्या फोडणीची पण दोनदा मागून घेतो.

आणि नातवाला ग्योसेन पार्कात नेते. फुकटातलं छोटं प्राणिसंग्रहालय आहे. जुलैत तिथे सोनमाशांची जत्रा भरते.

पाणलोट

@आजी, सोनमाशांची आठवण काढलीत ते फार बरं झालं. नारामधलं यामातो-कोरियामा, आइचीमधलं यातोमी आणि एदोगावा, ही जपानमधली सोनमासे पैदाशीची तीन मोठी ठिकाणं मानली जायची. इथे सखल जमीन आणि मुबलक पाणी, त्यामुळे शहर वाढत गेलं तसे पैदासवाले कामेइदो, सुनामाचीकडून पूर्वेला सरकत इथे आले. मग इथेही जमिनीचे भाव वाढले आणि तळी बुजवून इमारती झाल्या. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.

मीठभाकर

मी भांडुपच्या मिठागरांच्या कडेला वाढलो, त्यामुळे माझा रस दुसरीकडे. लेखकाने मीठ म्हणून सोडून दिलंय, ते मी उचलतो.

१५९० मध्ये तोकुगावा इएयासु, पुढे ह्या घराण्यातला पहिला शोगुन झाला तो, एदोला म्हणजे आजच्या टोकियोला आला. राजधानी वसवायची तर पहिली चिंता मिठाची. जवळचं मीठ ग्योतोकुला पिकायचं, म्हणजे आजच्या एदोगावाच्या समोर, नदीपलीकडे चिबात. समुद्रातून आणायचं तर वाळूचे दांडे आणि वारा. म्हणून आतून कालवे काढले: सुमिदापासून ओनागी कालवा, आणि पुढे एदोगावातून जाणारा शिनकावा. शिनकावा जेमतेम तीन किलोमीटरचा, १६२९ च्या सुमाराला सरळ केलेला. मिठाच्या होड्या ह्यातून थेट शहराच्या मध्यावर निहोनबाशीपर्यंत जायच्या. मग तांदूळ, मिसो, भाज्या, आणि नारिताच्या देवळाला जाणारे यात्रेकरू. काठावर दुकानं, खाणावळी.

मीठ संपवलं समुद्रानेच. १९१७ च्या ऑक्टोबरात वादळाने उधाण आलं, कासाईची गावं धुऊन गेली आणि ग्योतोकुची मिठागरं उद्ध्वस्त झाली. त्यातून काही सावरली, पण दिवस गेले ते गेलेच. आता शिनकावाचे काठ नव्याने बांधून चेरीची झाडं लावलीत आणि लाकडी टेहळणी मनोरा उभा केलाय. मनोरा नवा आहे, जुनाट दिसेल असा केलाय. मला असले देखावे फारसे रुचत नाहीत, पण संध्याकाळी चालायला झकास.

तिरपागडा

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून थोडं कडू.

कोमात्सुगावात एका रसायन कारखान्याने वर्षानुवर्षं क्रोमियमची मळी जमिनीत पुरली. सत्तरच्या दशकात शेजारच्या वॉर्डात महानगराने मेट्रोच्या डेपोसाठी जागा घेतली, तेव्हा हे बाहेर आलं. कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडलेली होती. ती मळी रसायन मिसळून, मातीखाली झाकून वर बाग केली. आज तिथे वसंतात लोक चेरी बघायला सतरंज्या टाकतात. आणि जोराचा पाऊस किंवा बर्फ झाला की आसपास पिवळसर पाणी झिरपल्याच्या तक्रारी अधूनमधून अजून येतात.

दुसरं, १९५८. वॉर्डातल्या कागद कारखान्याने काळं पाणी एदो नदीत सोडलं, खालच्या उरायासुच्या कोळ्यांचे मासे-शिंपल्या मेल्या. १० जूनला शेकडो कोळी कारखान्यात घुसले, पोलिसांशी हाणामारी झाली. त्याच वर्षअखेरीस जपानचे पाण्याच्या प्रदूषणाबद्दलचे पहिले दोन कायदे झाले. कोळ्यांनी डोकी फोडून घेतली तेव्हा कुठे कायदा आला.

तिसरं, महाबांध. उंचीच्या तीसपट रुंद बांध घालायचा, म्हणजे बांध कसला, पठारच, आणि त्यावर परत घरं बांधायची. कागदावर उत्तम, फुटणारच नाही. पण आधी सगळी घरं पाडा, लोक हलवा, भराव घाला, मग परत बोलवा. कोइवाच्या बाजूला रहिवासी कोर्टात गेले होते. २०१० च्या सरकारी खर्चफेरतपासणीत निघालं की पूर्ण योजना व्हायला चारशे वर्षं लागतील! मग लांबी कापून १२० किलोमीटरवर आणली. चारशे वर्षांपूर्वी तिथे इएयासु मीठ शोधत होता राव.

तेव्हा नववा मजला घ्या नाहीतर पंधरावा. माझा प्रश्न साधा: इथे राहायचंच कशाला?

पाणलोट

@तिरपागडा, क्रोमियम आणि कागद कारखान्याबद्दल एक अक्षरही खोडण्यासारखं नाही. लिहिलंत ते चांगलं केलंत.

त्याच बागेत एक गोष्ट आहे, ती बघाच. कोमात्सुगावाचं जुनं जलद्वार. दोन नद्यांच्या पातळीत फरक, म्हणून होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी वर-खाली करायचं, असं. १९३० चं बांधकाम, एखाद्या किल्ल्याच्या बुरुजासारखं. आता ते गवतावर उभं आहे, आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही, आणि त्याचा बराचसा भाग जमिनीत गाडलेला. दार खचलेलं नाही, बाग वर आलीय. महाबांधासाठी भराव घातला त्यात ते कमरेपर्यंत पुरलं गेलं. मी हात लावून पाहिला. काँक्रीटवर लाकडी फळ्यांच्या साच्याच्या रेघा अजून स्पष्ट आहेत, आणि माणसाच्या उंचीवर दिसणाऱ्या कमानी म्हणजे मुळात वरचा भाग. महाबांध किती माती खातो हे समजायला आकडे लागत नाहीत.

त्याची जागा २००५ पासून जवळचं नवं जलद्वार घेतंय. ते मालासाठी नाही. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात रस्ते बंद पडले, तेव्हा नदीवाटे मदत पोचवता यावी म्हणून बांधलंय. आराकावा आणि आतल्या नदीत तीन मीटरपर्यंत फरक पडतो. कयाकवाले हौशी लोकही त्यातून जातात.

राहायचं कशाला? कारण टोकियोत मोठ्या नोकऱ्या पश्चिमेला आणि मध्यभागी, आणि आवाक्यातली घरं पूर्वेला. नद्या १९४७ पासून इथे फुटलेल्या नाहीत. हे उत्तर पुरेसं नाही, माहीत आहे. पण सात लाख लोकांचं तेच आहे.

जुनी_पानं

१९४७ चा उल्लेख आलाय, तर तपशील द्यायला हवा. कॅथलीन वादळ, सप्टेंबर. तोने नदीचा बांध फुटला तो इथे नाही, लांब उत्तरेला साइतामात. इथे पाऊस थांबून ऊन पडलेलं होतं. पाणी जुन्या वाटांनी, जिथून तोने नदी पूर्वी टोकियोच्या उपसागराकडे यायची त्याच सखल पट्ट्यातून, सावकाश चालत तीन-चार दिवसांनी कात्सुशिका आणि एदोगावात शिरलं. तोकुगावांनी सतराव्या शतकात, १६५४ पर्यंत टप्प्याटप्प्याने ती नदी पूर्वेला चोशीकडे वळवली होती. तीनशे वर्षांनी पाण्याने जुना रस्ता बरोबर शोधला. दोनच वर्षांनी किटी वादळाचं उधाण दक्षिणेकडून आलं.

आणि कोइवाच्या झेन्योजी देवळात जा. तिथलं पाईनचं झाड प्रसिद्ध आहे, सहाशे वर्षांचं म्हणतात. उंची आठेक मीटर, पण फांद्या आडव्या इतक्या पसरल्यात की अंगण भरून गेलंय आणि खाली टेकू लावलेत. पण मला तिथला एक दगड जास्त महत्त्वाचा वाटतो. १७८३ मध्ये आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. डोंगर इथून शंभरावर किलोमीटर दूर. त्यातून सुटलेल्या चिखलाच्या लोंढ्यात वाहून गेलेली माणसं आणि जनावरं तोनेतून एदो नदीत आली आणि इथल्या वाळूच्या बेटाला लागली. गावकऱ्यांनी त्या अनोळखी प्रेतांचे अंत्यसंस्कार केले आणि १७९५ मध्ये, तेराव्या स्मृतिवर्षी, हा दगड उभारला.

अंबरनाथ_ते_ओतेमाची

भारतीय वस्तीबद्दल माझी भर. सुरुवात आयटीवाल्यांनी केली असं नाही. कोलकात्याचे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथे येऊन राहिले, तेव्हा निशी-कासाईत भारतीय जवळजवळ नव्हतेच. १९९९-२००० ला वाय-टू-केच्या कामासाठी पोरं आली. बँका ओतेमाची-निहोनबाशीत, तोझाई लाईन थेट. अडचण घराची. खासगी घरमालक परदेशी माणसाला जामीनदार मागायचे, वर "रेइकिन", म्हणजे परत न मिळणारी भेट. सरकारी गृहनिर्माणाच्या यूआर इमारतींत दोन्ही लागत नव्हतं. आणि त्या मोठ्या वसाहती कुठे? निशी-कासाई, सेइशिन-चो, म्हणजे पाणलोट म्हणतात त्याच भरावावर आणि त्याच्या कडेला. चंद्राणींनी ह्या पोरांच्या डाळ-भाताची सोय केली, संघटना उभी केली. २००६ ला भारतीय शाळा आली आणि मग कुटुंबंच यायला लागली.

मराठी माणसासाठी मोठी गोष्ट म्हणजे योगेंद्र पुराणिक. लोक त्यांना "योगी" म्हणतात. २०१२ ला जपानी नागरिकत्व घेतलं, कारण परदेशी माणसाला इथे वॉर्डाच्या निवडणुकीतही मत नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये ६,४७७ मतं घेऊन वॉर्ड सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकलेले पहिले भारतीय वंशाचे. नंतर महानगर सभेला उभे राहिले, तिथे जमलं नाही. पुढे इबाराकी प्रांतात सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. २०२४ ला वॉर्डात गांधीजींचा अर्धपुतळा बसला, त्याचं अनावरण आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी केलं.

एक खंतही. आपली मुलं भारतीय शाळेत, खरेदी भारतीय दुकानात, मित्र ऑफिसातले. शेजारच्या इमारतीत आयुष्यभर नोरी पिकवलेला म्हातारा राहतो आणि आपल्याला "ओहायो गोझाइमास", म्हणजे सुप्रभात, ह्याच्या पुढे काही माहीत नाही. चोनाइकाई, म्हणजे आळीचं मंडळ, त्यांची पूरकवायत असते. त्यात चार भारतीय चेहरे दिसले तर खूप.

तोझाई_लोकल

@अंबरनाथ, कवायतीचं पटलं. शाळेतल्या त्या रात्री आम्हाला घोंगडी कुठे मिळतात हेही माहीत नव्हतं, आणि शेजारच्या आजींना पंपाची किल्ली कुणाकडे असते तेसुद्धा पाठ. तेव्हापासून मी जातो. पोती भरायची, गाठी मारायच्या. शेवटी गरमागरम तोनजिरू नावाचा रस्सा मिळतो. डुक्कर असतं त्यात, शाकाहाऱ्यांनी आधी सांगून ठेवा.

चहाबाज

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने येतोय, एक रिकामा दिवस आहे. पाणलोटराव, काय काय बघू?

पाणलोट

एका दिवसात सगळं होणार नाही, पण हे जमेल. सकाळी फुनाबोरीला उतरा. स्टेशनासमोर टॉवर हॉल आहे, ११५ मीटरचा मनोरा, वर जायला पैसे पडत नाहीत. आधी तिथून खाली बघा. आराकावा आणि नाकागावा शेजारी-शेजारी वाहताना दिसतात, मधे फक्त एक बांध, आणि दोन्हींच्या तुलनेत घरं कुठल्या पातळीवर आहेत ते डोळ्यांनी कळतं. मग चालत शिनकावा. तिथून फुरुकावाची पाणबाग: १९७३ ला घाणेरड्या ओढ्यावर झाकण घालून रस्ता करायचा सोडून पाणी स्वच्छ करून पोरांना खेळायला दिलं, जपानमधली ह्या प्रकारची पहिली बाग. दुपारी निशी-कासाईला जेवा, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.

पोरं बरोबर असतील तर कासाई स्टेशनाखालचं भुयारी रेल्वेचं संग्रहालय. स्वतः मात्र उंच पुलाखाली आहे, कारण इथे भुयारी गाडीही जमिनीवरून जाते. संध्याकाळी कासाई रिंकाई पार्क. १९८९ चं, पुढ्यातली दलदल २०१८ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत. दोन कृत्रिम किनारे आहेत, पूर्वेचा फक्त पक्ष्यांसाठी, माणसांना बंदी. पश्चिमेच्या पुळणीवर ओहोटीला लोक शिंपल्या वेचताना दिसतील.

सोमवार टाळा, संग्रहालय बंद. बुधवारही नको, पार्कातलं मत्स्यालय बंद असतं, आणि तिथली ट्यूनाची टाकी चुकवू नये अशी आहे.